फळ्याचा खालचा अर्धा भाग

पहिली दहा मिनिटं बाई हनुवटीबद्दल बोलल्या. वय ५३, पाळी थांबून दोन वर्षं झालेली, शाळेत गणित शिकवतात. हनुवटीखाली सहा-सात राठ केस येतात, चिमट्याने उपटले तरी थोड्या दिवसांत पुन्हा बोटाला टोचतात, त्यातले दोन तर पांढरेच. मी लिहून घेतलं. औषधाची चिठ्ठी लिहायला लागले तशा त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. "आणखी एक होतं, डॉक्टर. पण जाऊ दे."

'जाऊ दे'च्या पलीकडे जे असतं त्याच्यासाठीच माणूस बहुतेक वेळा आलेलं असतं. मी त्यांना परत बसवलं.

"हल्ली मी फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहिते," त्या म्हणाल्या. "वर हात जात नाही."

मला वाटलं, खांदा आखडला असेल; चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांत ते नेहमीचंच. पण खांदा ठणठणीत होता. काखा काळ्या पडल्या होत्या. बाही कोपरापर्यंत असते, कुणाला काही दिसत नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. गणिताच्याच बाई त्या. तरी हात वर जात नव्हता.

पुढे जाण्याआधी एक सांगते. हे प्रकरण एकाच बाईंचं म्हणून लिहिते आहे, पण त्यात अनेकींचे तपशील मिसळलेले आहेत. कुणाला ओळखू पाहू नये, सापडणार नाही.

'काखा वर करणे' म्हणजे आपल्याजवळ काही नाही म्हणून मोकळं होणं. या बाईंना त्या शब्दशः वर करता येत नव्हत्या, आणि त्यापायी काय काय राहून गेलं होतं ते मला अर्ध्या तासाने कळलं.

केस राहायला गेले का?

तक्रारी हळूहळू बाहेर आल्या. काखा काळ्या. काखेच्या पुढच्या बाजूला, अंतर्वस्त्राच्या कडेवरून मांसाची एक वळी बाहेर येते, ती पूर्वी नव्हती. घाम फार, आणि वासाची सतत धास्ती. शिवाय एक गोष्ट, जी तक्रार आहे की नाही हेच त्यांना ठरवता येत नव्हतं: काखेतले केस जवळजवळ गेले होते. तीस वर्षं ज्यांच्यामागे रेझर आणि वॅक्स घेऊन धावलो ते आता आपणहून नाहीसे होताहेत, आणि हनुवटीवर, जिथे कधी काही नव्हतं, तिथे उगवताहेत. त्यांनी विचारलं, "काखेतले केस उठून वर राहायला गेले का हो?"

प्रश्न गमतीचा, पण त्यातलं निरीक्षण अचूक आहे. केस जागा बदलत नाहीत, मात्र दोन्ही जागांचा कारभार एकाच दप्तरातून चालतो. काखेतले केस वयात येताना अँड्रोजेन गटातल्या, म्हणजे 'पुरुषी' म्हटल्या जाणाऱ्या संप्रेरकांमुळे येतात. बायकांमध्ये या संप्रेरकांचा मोठा वाटा मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींकडून येतो. त्यांचं मुख्य उत्पादन म्हणजे डीएचईए-एस. विशीत ते सर्वांत जास्त असतं, मग वर्षागणिक उतरत जातं, आणि सत्तरी-ऐंशीपर्यंत शिखराच्या दहा-वीस टक्क्यांवर येतं. काखेतले केस या उतरणीबरोबर विरळ होतात. पाळी गेल्यावर काही वर्षांत ते जवळपास दिसेनासे होणं हे आजाराचं लक्षण नाही, वयाचं आहे.

हनुवटीचा हिशेब वेगळा. पाळी थांबताना अंडाशयांतून येणारं इस्ट्रोजेन झपाट्याने घटतं, टेस्टोस्टेरॉन मात्र तसं एकदम कोसळत नाही. भरीला, रक्तात टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं एक प्रथिन असतं, तेही इस्ट्रोजेनबरोबर कमी होतं. म्हणजे टेस्टोस्टेरॉन वाढलं नाही तरी मोकळं फिरणारं जास्त, आणि त्याला आवर घालणारं कमी. हनुवटीवरची केसांची मुळं या फरकाला फार हळवी. तिथली मऊ लव राठ होते. डोक्यावरच्या मुळांवर त्याच संप्रेरकाचा परिणाम उलटा, तिथले केस बारीक होतात. एकच आदेश, तीन ठिकाणी तीन अर्थ.

अंगावरचे केस 'जास्त' आहेत की नाहीत हे मोजायची एक पद्धत फेरिमन आणि गॅलवे या दोघांनी १९६१ साली मांडली. मूळ यादीत शरीराच्या अकरा जागा होत्या, आता नऊ वापरतात: वरचा ओठ, हनुवटी, छाती, पोटाचा वरचा व खालचा भाग, दंड, मांड्या, पाठीचा वरचा व खालचा भाग. काख त्या यादीत नाहीच. तिथे केस असणं स्त्रीपुरुष दोघांनाही स्वाभाविक, म्हणून त्याला गुणच नाहीत. ज्या जागेची बायकांना सर्वांत जास्त लाज वाटते ती वैद्यकाच्या मोजपट्टीवर नाही, याची मला दर वेळी गंमत वाटते. बाईंचे गुण आले तीन. सर्वसाधारणपणे आठच्या पुढे आम्ही शोध घेऊ लागतो.

गुणांपेक्षा मी वेगाकडे बघते. चार-सहा महिन्यांत चेहऱ्यावर, छातीवर दाट केस आले, आवाज जाड झाला, कपाळावरून टक्कल पडू लागलं, तर वयाचा विचार बाजूला ठेवून अंडाशय आणि अधिवृक्क ग्रंथी तपासाव्या लागतात. टेस्टोस्टेरॉन बनवणारी गाठ दुर्मीळ असते, पण ती अशीच येते. बाईंचे सहा-सात केस तीन वर्षांत एकेक करून आले होते.

हात डोक्यामागे

तपासणीसाठी त्यांना हात डोक्यामागे घ्यायला सांगितलं. त्यांनी आधी डोळे मिटले, मग हात उचलले.

काळ्या काखेचं निदान रंगावरून करायला गेलं की चूक होते. पोत बघावा लागतो, आणि काळपटपणा नेमका कुठे आहे तेही. काखेला मधोमध खोलगट घुमट असतो आणि भोवती कड. कपड्याच्या रंगाची किंवा धाग्यांवरच्या रसायनाची अॅलर्जी असेल तर कड बिघडते आणि घुमट बहुधा वाचतो, कारण कापड तिथवर घासत नाही. डिओडरंटमुळे होतं तेव्हा घुमटच बिघडतो, कारण डिओ तिथेच लागतो. बाईंच्या घुमटात तपकिरी डाग होता, सपाट, मधे मधे बारीक पापुद्रे. डाव्या बाजूला जास्त. त्या उजव्या हाताने रेझर आणि बाटली धरतात, डावीकडे हात सरळ पोचतो.

इथपर्यंत चित्र साफ होतं. पण मागच्या घडीत बोट फिरवल्यावर त्वचा जाडसर, मखमलीसारखी लागली. मानेच्या मागेही तशीच, आणि मानेवर चार-पाच बारीक मस लोंबत होते. ही वेगळी गोष्ट. हिला अॅकँथोसिस निग्रिकन्स म्हणतात. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं, आणि ते जास्तीचं इन्सुलिन त्वचेच्या पेशींना वाढीचा इशारा देतं. त्वचा जाड होते, घड्या पडतात, घड्यांमुळे काळी दिसते. घासून ती जाणार कशी? मळ नाहीच तो.

आणि तिसरं म्हणजे दोन्ही काखांत लांबट, फिकट, किंचित खोलगट रेषा. पोटावर बाळंतपणानंतर दिसतात तशा. काखेत अशा रेषा दिसल्या की मी एकच प्रश्न विचारते: "कुठली ट्यूब लावता?"

त्यावर येण्याआधी बाकीच्या शक्यता. काळपटपणा आणि काखेतले केस जाणं, ही जोडी एकत्र आली की डॉक्टरच्या मनात अॅडिसनचा आजार येतोच. त्यात अधिवृक्क ग्रंथी थकतात, त्यामुळे केस जातात आणि त्वचेचा रंगही गडद होतो. पण तो रंग सपाट असतो, तळहाताच्या रेषांत, हिरड्यांवर, जुन्या व्रणांवरही उतरतो, आणि सोबत थकवा, घटतं वजन, उठल्यावर चक्कर असते. बाईंच्या हिरड्या गुलाबी होत्या, वजन वाढलेलं होतं, रक्तदाब थोडा चढाच. बाळंतपणात फार रक्तस्राव होऊन पुढे मेंदूच्या तळाची पियुषिका ग्रंथी निकामी होते, त्यातही काखेतले केस जातात. तसा इतिहास नव्हता. वुड्स लॅम्प या त्वचा तपासायच्या दिव्याच्या निळसर उजेडात पोवळ्यासारखी लाली चमकली असती तर जिवाणूंचा संसर्ग म्हटला असता. ती दिसली नाही. आणि मखमली जाडी एखाद्या सडपातळ, वयस्क माणसात काही महिन्यांत वेगाने पसरली, तोंडात किंवा तळहातांवर आली, तर पोटातल्या कर्करोगाचा शोध घ्यावा लागतो. बाईंची मान त्यांच्या म्हणण्याप्रमाणे 'मुलगी कॉलेजात होती तेव्हापासून' तशी होती. तिची आता दोन मुलं शाळेत जातात.

मग मी काखेत गाठी चाचपल्या. नव्हत्या. मांसाची वळी मऊ होती, दोन्हीकडे सारखीच, उजवीकडे किंचित दाणेदार. सहज विचारलं, "शेवटचा मॅमोग्राम कधी केला होता?"

बराच वेळ उत्तर नाही.

"चार वर्षं झाली. दोनदा तारीख घेतली आणि दोनदा रद्द केली. तिथे हात वर करून उभं राहावं लागतं ना."

राहावं लागतं, हे खरं आहे. मॅमोग्राम म्हणजे स्तनांचा एक्स-रे. तिरक्या बाजूने जी प्रतिमा काढतात तिच्यात यंत्राच्या पाटाचा कोपरा काखेत बसवतात, हात वर घेऊन दांडी धरायला लावतात, आणि तंत्रज्ञ बाई जवळ उभी राहून त्वचा नीट करते. कारण स्तनाचा एक भाग शेपटासारखा काखेकडे जातो, तो सुटून चालत नाही. जागतिक आरोग्य संघटना जिथे सोय आहे तिथे ५० ते ६९ वयाच्या स्त्रियांसाठी दर दोन वर्षांनी ही तपासणी सुचवते. बाईंना हे माहीत होतं. शाळेतल्या इतरजणींना त्यांनीच आग्रह करून पाठवलं होतं.

त्या दिवशी माझ्या कागदावरचा क्रम बदलला. हनुवटी, काळपटपणा, वळी, सगळं खाली गेलं आणि पहिल्या ओळीत मॅमोग्राम आला, सोबत दोन्ही काखांची सोनोग्राफी. तपासणीच्या दिवशी काखेत डिओडरंट, पावडर, काहीही लावून जाऊ नका, एवढी एकच सूचना दिली. घाम रोखणाऱ्या उत्पादनांत अॅल्युमिनिअमचे क्षार असतात, आणि त्यांचे कण प्रतिमेत कॅल्शियमच्या बारीक ठिपक्यांसारखे दिसू शकतात. नको त्या शंका उभ्या राहतात.

अॅल्युमिनिअमचं नाव निघताच त्या दचकल्या. त्यांनीही ते ऐकलं होतं, काखेला लावतो त्याने स्तनाचा कर्करोग होतो म्हणून. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कर्करोग झालेल्या ८१३ आणि न झालेल्या ७९३ स्त्रियांची तुलना झाली होती. डिओडरंट, घाम रोखणारी उत्पादनं किंवा काखेतले केस काढणं यांचा कर्करोगाशी संबंध आढळला नाही. मी त्यांना म्हटलं, तुमच्या डिओने तुमचं नुकसान केलंय खरं, पण ते हे नव्हे.

तीस वर्षांचा हिशेब

पुढच्या भेटीत त्यांना काखेचा इतिहास लिहून आणायला सांगितला. त्यांनी तो कोष्टक आखून आणला, साल, वस्तू, किती वेळा. इतकं नेटकं मला आजवर कुणी लिहून दिलेलं नाही.

सतराव्या वर्षी रेझर. मैत्रिणींनी बजावलं होतं, रेझरने केस जाड होतात. मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीररचनातज्ज्ञ बाईंनी १९२८ मध्येच प्रयोग करून दाखवलं होतं की दाढी केल्याने केसांची जाडी वा वाढ बदलत नाही. कापलेला केस टोकाला बोथट असतो म्हणून राठ वाटतो, एवढंच. पण ही समजूत इतकी चिवट आहे की त्यापायी बाई तिशीत वॅक्सवर गेल्या. वॅक्सने केस मुळासकट निघतात, त्याबरोबर त्वचेचा वरचा थरही खरवडला जातो, काही केस आतल्या आत वळतात आणि पुटकुळ्या येतात. सावळ्या-गव्हाळ त्वचेत प्रत्येक पुटकुळी जाताना डाग सोडून जाते. दर तीन आठवड्यांनी, अठरा वर्षं.

(काख गुळगुळीत असावी असा नियम व्यापाराने केला त्यालाही फार काळ लोटलेला नाही. जिलेटने बायकांसाठी पहिला रेझर १९१५ मध्ये विकायला काढला, बिनबाह्यांच्या कपड्यांची फॅशन येत होती तेव्हा. त्याआधीही काही समाजांत केस काढले जात, पण काखेतला केस 'लाजिरवाणा' आहे हे जाहिरातींतून घरोघरी शिकवणं त्या काळातलं. हे बाईंना सांगितल्यावर त्यांनी कोष्टकाच्या वर आणखी एक ओळ ओढली आणि तिथे १९१५ लिहिलं.)

एकावन्नाव्या वर्षी कोष्टकाचा वेग एकदम वाढला होता. पाळी थांबली, आणि अंगातून वाफा निघायला लागल्या. इस्ट्रोजेन घटलं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र उगाचच चटकन सावध होतं, थोड्या उकाड्यालाही अंग घामाने भिजतं. वर्गात, मुलांसमोर, दिवसातून चार-पाचदा. एकदा लावायचा डिओ तीनदा लागू लागला. पिशवीत एक बाटली, कपाटात एक. दोन महिन्यांत काख खाजू लागली, मग काळी पडू लागली. काळी पडली म्हणून लिंबू चोळलं. लिंबाने आग झाली म्हणून खाण्याचा सोडा. एक आम्ल, दुसरा अल्कली, आणि त्वचा दोघांच्या कात्रीत. त्यातून ती आणखी काळवंडली तेव्हा शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी ट्यूब दिली.

ट्यूब मी ओळखली. तीत त्वचेचा रंग उतरवणारं हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड अशी तीन औषधं एकत्र असतात. चेहऱ्यावरच्या वांगांसाठी, थोड्या आठवड्यांपुरती, डॉक्टरच्या देखरेखीखाली वापरायची ती गोष्ट. बाईंनी ती काखेत आठ महिने लावली होती. काखेची त्वचा कोपराखालच्या हाताच्या आतल्या बाजूच्या त्वचेपेक्षा स्टिरॉइड साडेतीन पटींहून अधिक शोषते, त्यात दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबलेले, म्हणजे वर झाकण घातल्यासारखंच. पहिल्या महिन्यात काख खरंच उजळली होती. म्हणून तर त्या सोडेनात. मग रेषा आल्या, त्वचा पातळ झाली, ट्यूब थांबवली की आग, लावली की बरं.

सगळ्या गुंत्याचा दोरा डिओपाशी जाऊन थांबत होता, तेव्हा पॅच टेस्ट केली. पाठीवर निरनिराळ्या पदार्थांचे थेंब पट्ट्यांनी ४८ तास चिकटवून ठेवायचे, पट्ट्या काढून बघायचं, आणि ९६ तासांनी पुन्हा. सुगंधी द्रव्यांच्या मिश्रणाची जागा लाल, उंचावलेली, पुरळ आलेली निघाली. बाईंनी दोन वर्षांत थायरॉइडपासून यकृतापर्यंत सगळ्या तपासण्या करून घेतल्या होत्या, काळपटपणाचं कारण सापडेना म्हणून. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते इतक्या शब्दशः मी प्रथमच पाहिलं.

पण डिओ हे एकच कारण आहे असं मी त्यांना सांगितलं नाही. रक्तातली तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, एचबीए१सी, ६.१ टक्के आली. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्याचा पट्टा. घुमटातला सपाट डाग सुगंधाने आणि उपचारांनी केलेला, घडीतली मखमली जाडी इन्सुलिनने, आणि रेषा ट्यूबने. एका काखेत तीन कारणं.

काय केलं, काय नाही

पहिले चार आठवडे काहीच करायचं नाही, असं सांगितलं. डिओ नाही, वॅक्स नाही, लिंबू नाही, घासणी नाही. ट्यूबमधल्या स्टिरॉइडची जागा हलक्या स्टिरॉइडने घेऊन तेही दोन आठवड्यांत उतरवत बंद. सौम्य, बिनसुगंधी साबण, पाणी टिपून घ्यायचं, साधं मॉइश्चरायझर. पैसे मोजून आलेल्या माणसाला 'काही करू नका' पटवून देणं हे या धंद्यातलं सर्वांत अवघड काम. बाईंना वासाची भीती होती. घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो, काखेतले जिवाणू त्याचे तुकडे करतात तेव्हा वास येतो. दिवसातून दोनदा धुतलं आणि कपडा बदलला तर महिनाभर निभतं. निभलं. आठव्या आठवड्यानंतर घाम रोखणारं एक उत्पादन दिलं, रात्री, कोरड्या त्वचेवर लावायला; तेव्हा घाम कमी असतो म्हणून ते नीट बसतं. घेताना वेष्टनावर 'सुगंधविरहित' असं स्पष्ट लिहिलेलं बघायचं. नुसतं 'वास नसलेलं' लिहिलेल्यात कधी कधी मूळ वास झाकायला दुसरं सुगंधी द्रव्य घातलेलं असतं.

अंगातून निघणाऱ्या वाफांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. घामाचं मूळ तिथे होतं, आणि ते माझ्या हातातलं नव्हतं.

त्वचा शांत झाल्यावर डागासाठी एक दिवसाआड रात्री अॅझेलिक आम्लाचं क्रीम. सावकाश काम करतं, पण पातळ झालेल्या त्वचेला झेपतं. हायड्रोक्विनोन पुन्हा नाही. महिनोन्महिने लावलं तर कधी कधी त्यानेच निळसर-काळा, न जाणारा डाग पडतो. मखमली भागावर मात्र क्रीमचा फारसा उपयोग नाही, तो साखर आणि वजन उतरलं तर उतरतो. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर झालेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी प्रयोगात सात टक्के वजन घटवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम, एवढं ध्येय ठेवलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं होतं. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध दिलेल्या गटात ३१ टक्क्यांनी. बाईंचं वजन ७४ किलो होतं. सात टक्के म्हणजे पाच किलो, हे त्यांनी माझ्याआधी सांगितलं.

लेझर नाही. एका सौंदर्यकेंद्राने त्यांना काख आणि हनुवटी मिळून सहा बैठकांचं पॅकेज सुचवलं होतं. लेझर केसातल्या काळ्या रंगद्रव्याला हेरतो आणि त्याच्यामार्फत मुळाला तापवतो. काखेत उरले होते आठ-दहा केस, तेही जायच्या वाटेवर. आणि भोवतालची त्वचा केसांपेक्षा गडद, म्हणजे उष्णता नको तिथे जाण्याचा धोका. हनुवटीवरच्या पांढऱ्या केसांना तर लेझर दिसतच नाही. पन्नाशीनंतर लेझरचा विचार करणाऱ्या बाईने आधी आरशात पांढरे केस मोजावेत. पांढऱ्या केसाला कायमचा उपाय म्हणजे विद्युत-सुईने एकेक मूळ जाळणं. १८७५ साली चार्ल्स मिशेल या नेत्रतज्ज्ञाने डोळ्यांत टोचणाऱ्या पापण्यांसाठी ते प्रथम वापरलं. वेळखाऊ आणि टोचणारं. सहा-सात केसांसाठी चिमटा काय वाईट? चेहऱ्यावरच्या केसांची वाढ मंदावणारं एफ्लोर्निथिनचं क्रीम येतं, तेही सांगितलं, आणि थांबवल्यावर आठेक आठवड्यांत केस पूर्ववत होतात हेही. बाईंनी चिमटा निवडला.

मॅमोग्रामला त्या तिसऱ्या आठवड्यात गेल्या. स्तनांत काही निघालं नाही. सोनोग्राफीत उजव्या काखेतल्या वळीत थोडं स्तनाचंच ऊतक सापडलं. गर्भात असताना काखेपासून जांघेपर्यंत स्तनाची एक रेघ असते, तिचा काही भाग मागे राहतो. पाळी, गर्भारपण, वजनवाढ यांत ते फुगतं, एरवी लक्षातही येत नाही. बाकीची वळी चरबीची आणि सैल पडलेल्या त्वचेची. पाळी गेल्यावरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं कोलॅजेन सुमारे तीस टक्क्यांनी घटतं, त्याचा परिणाम काखेच्या कडेला दिसतो. काढायची गरज नव्हती. फक्त ते स्तनाचं ऊतक असल्याने स्तनाइतकंच लक्ष त्याच्याकडेही द्यायचं. बाईंनी अहवाल दोनदा वाचला. "म्हणजे मी जी लपवत होते ती वळी नव्हतीच पूर्ण," त्या म्हणाल्या, आणि मग तंत्रज्ञ बाईबद्दल सांगितलं. तिने त्यांचा हात उचलून दांडीवर ठेवला, काखेकडे पाहिलंही नाही, आणि 'श्वास रोखा' म्हणाली.

सात महिन्यांनी

वजन ६९. एचबीए१सी ५.८. मानेवरची मखमल पुष्कळ विरली, काखेतली थोडी कमी. घुमटातला डाग फोटोशी ताडून पाहिला तर निम्म्याहून अधिक फिकट, डावीकडे अजून ठळक. वाफांवरच्या औषधाने घाम आटोक्यात आहे, डिओची बाटली पिशवीतून गेली. रेषा आहेत तशाच आहेत. त्या जाणार नाहीत हे पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, आणि त्यावर त्या एकदा माझ्यावर चिडल्याही होत्या: उजळ काखेच्या जाहिराती सगळीकडे दिसतात, त्यात रेषा का नसतात? मी म्हटलं, फोटो पुसून घेतात म्हणून.

काखेतल्या उरलेल्या केसांचं काय करू, असं त्यांनी जाता जाता विचारलं. कात्रीने बारीक करा, नाहीतर राहू द्या. त्वचेच्या दृष्टीने दोन्ही सारखंच. त्यांनी थोडा विचार केला. "आठच आहेत. राहू देत."

फळ्याचं मी मुद्दाम विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं. शाळेने सुट्टीत सगळे फळे काढून डिजिटल पडदे बसवले. आता बसल्या जागेवरून लिहायचं, हात वर करायचा प्रश्नच उरला नाही. यावर त्या इतक्या हसल्या की बाहेर बसलेल्या बाईने आत डोकावून पाहिलं. पुढच्या मॅमोग्रामची तारीख मात्र त्यांनी स्वतः घेतली आहे. हनुवटीवरचे दोन पांढरे केस अजून येतात. चिमटा पिशवीत, डिओच्या जागी.